जयवंतचं बाळंतपण

जयवंत घाडीगावकर बाळंत झाला, ही बातमी घाटकोपरच्या भटवाडीत पसरायला पुरता एक दिवसही लागला नाही. रिक्षातून उतरताना तो कमरेत वाकलेला, पोटाला वीतभर रुंदीचा पट्टा, एका बाजूने आईने धरलेला आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या कुंडलिकने. चाळीच्या पायऱ्या चढायला त्याला पाव तास लागला आणि तेवढ्यात तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी वरून त्याच्या आईला विचारलंच, "मालनमावशी, मुलगा की मुलगी?" सगळी चाळ हसली. जयवंतही हसायला गेला, पण हसलं की टाके ओढतात हे त्याला हॉस्पिटलात कळून चुकलं होतं. त्याने नुसतंच तोंड वेडंवाकडं केलं.

थट्टा झाली तरी त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. चौतीस वर्षांचा बिनलग्नाचा गडी पोटावर कापून घेतो, आणि तेही कुठला आजार नसताना, हे घाटकोपरच्या चाळीत समजावून सांगायचं तरी कसं? प्लास्टिक सर्जरी म्हटलं तर लोक विचारत, पोटात प्लास्टिक बसवणार का? शेवटी जयवंतने "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगायला सुरुवात केली होती.

तीन वर्षांपूर्वी त्याचं वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं. दवाखान्यातला काटा एकशेवीसला संपायचा, म्हणून विक्रोळीच्या ज्या कारखान्यात तो टाइमकीपर होता तिथल्या गोदामाच्या काट्यावर, पोती ठेवतात त्या फळीवर उभं राहून त्याने स्वतःला मोजून घेतलं होतं. हमालांनी टाळ्या वाजवल्या. दोन जिने चढला की त्याला धाप लागे, आणि एकदा हजेरीच्या खिडकीतच तो घेरी येऊन पडला. तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि सगळ्या रांगेदेखत सांगितलं, "मावशी, तुम्ही स्वतःच्या हाताने पोराला खाऊ घालून मारताय."

मालनमावशी तशीच निघाली. घरी आली, हात धुतले आणि बसून राहिली. नवरा गिरणीत असतानाच गेला, तेव्हापासून हे एकच पोर आणि हे दोन हात, एवढंच तिच्याकडे होतं. त्या हातांनी तिने पोराला भरवलं, वाढवलं, फुगवलंही असेल. पण मारलं म्हणजे काय?

पुढची अडीच वर्षं जयवंत आईच्या हातचं जेवला नाही. राग नव्हता, नियम होता. सकाळी उठून तो स्वतःच स्टोव्हवर दुधी उकडायचा, मूग शिजवायचा, नाचणीची जाडी-भरडी भाकरी थापायचा. आई माशाची आमटी नि भात करायची, पण एकटीपुरता, आणि त्याच्याकडे पाठ करून जेवायची. तो घाटकोपर ते विक्रोळी चालत जाई आणि चालत येई. गोदामाचा काटा दर महिन्याला खाली उतरत गेला आणि शेवटी शहात्तरवर थांबला.

वजन गेलं, पण कातडी कुठे जाणार? ती तशीच उरली आणि पोटावरून मांड्यांपर्यंत लोंबू लागली. तिच्या घडीखाली घाम साचे, चिरा पडत, वास येई. रोज सकाळी तो ती घडी उचलून पावडर टाकायचा आणि जुन्या धोतराच्या पट्टीने बांधून वर सैल बुशशर्ट सोडायचा. लोकांना वाटे, अजून ढेरी आहेच की! बावन्न किलो उतरवून माणूस आरशात तसाच. त्याची एक फार साधी इच्छा होती: शर्ट आत खोचून, पट्टा लावून ताठ उभं राहायचं. खंडू टेलरकडून त्याने चौतीस कमरेची गडद निळी पँट शिवूनही घेतली होती. ती कॉटसमोरच्या खिळ्याला टांगलेली होती.

महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात चार तास ऑपरेशन झालं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चीर घेऊन साडेसहा किलो कातडी काढली, उरलेली खाली ओढून शिवली, बेंबी नवीन जागी बसवली. दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांना बाटल्या. बारा दिवसांनी नळ्या निघाल्या आणि त्याच्या हातात एक कार्ड पडलं.

आता या कार्डापाशी जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

मालनमावशीला वाचता येत नव्हतं. जयवंत सहा वर्षांचा झाला तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद तो तिला वाचून दाखवत आला होता: देवगडहून आलेली पत्रं, रेशनच्या नोटिसा, लग्नपत्रिका, अगदी पुडीचे कागदसुद्धा. तो वाचायचा आणि ती ऐकायची, अशी त्यांची सवय. त्या दिवशीही वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून तिने विचारलं, "काय लिवलाहा रे?"

कार्ड इंग्रजीत होतं. जयवंतने एकेक ओळ मराठीत सांगायला सुरुवात केली. "तीन आठवडे वाकूनच चालायचं. झोपताना गुडघ्याखाली उशी. जड उचलायचं नाही. पट्टा दिवसरात्र बांधायचा." पुढची ओळ होती: तेल चोळू नये, कसलाही शेक देऊ नये, पोटाच्या कातडीला काही महिने संवेदना नसेल.

तो तिथे अडखळला. कारण आईने एव्हाना मांडीवरच्या पिशवीतून सुती साडीच्या फाडून घड्या केलेल्या पट्ट्या काढून दाखवल्या होत्या. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं, "घराक चल तू. म्हैन्यात तुका ताठ उभो करतंय बघ." अडीच वर्षांत ती एवढं बोलली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. जयवंतने मनात म्हटलं, लावेल बिचारी दोन दिवस तेल, त्यात काय एवढं. आणि तो पुढच्या ओळीवर गेला, "सोमवारी दाखवायला यायचं."

"बस, इतक्याच?"

"एवढंच."

तिने मान हलवली. तिचा पूर्ण विश्वास बसला. न बसायला कारणच नव्हतं.

मालनमावशीचा धंदा म्हणाल तर बाळंतिणींचा. तीस वर्षं भटवाडीतल्या बाळांना तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं आणि त्यांच्या आयांची अंगं रगडून, शेकून, पोटं बांधून त्यांना उभं केलं होतं. जातपात, मजला, दार तिने कधी बघितलं नाही. बाळ रडतंय ना, मग झालं. तिचं सामान ठरलेलं: लोखंडी शेगडी, पाट, खोबरेल, ओव्याची पुरचुंडी आणि तव्यावर तापवायच्या कापडाच्या घड्या.

शेक देण्याची तिची रीत मात्र तिची स्वतःची होती. निखारे हाताळून हाताळून तिचे तळवे कधीचेच निबर झाले होते. कापड किती तापलंय हे तिला हाताने फारसं कळत नसे, आणि हे ती कुणाला सांगतही नसे. ती बघायची बाईच्या तोंडाकडे. कापड पोटावर ठेवलं की नजर थेट भुवयांवर. भुवई जराशी जवळ आली की कापड उचललं. बाई लाजेने म्हणते बरं वाटतंय, पण भुवई खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. तीस वर्षांत तिच्या हातून एका बाईला चटका बसला नव्हता.

घरी आणल्याबरोबर तिने जयवंतचा ताबा घेतला. वारा लागेल म्हणून खिडकी लावली. कानांवरून फडकं बांधलं.

"आये, मी बाळंतीण आहे का?"

"गप रव. पोट फाडला की वारो शिरता. बाप्यांका काय वेगळो वारो येता?"

तो काय करणार होता? त्याला कूस बदलायची तरी आई लागे. उठायचं तर ती मानेखाली हात घालायची, तो तिच्या खांद्याला लटकायचा, आणि गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत दोघं मुंगीच्या पावलांनी जायची. तो गुडघ्यांकडे बघत, ती त्याच्याकडे बघत. आंघोळीला तिने त्याला पाटावर बसवून पोट सोडून बाकीचं अंग चोळून काढलं. पहिल्या दिवशी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी त्याला त्याचं काही वाटेनासं झालं, आणि हे वाटेनासं होणंच त्याला सगळ्यात जास्त खुपलं.

आणि जेवण! स्टोव्हपर्यंत जाणंच शक्य नव्हतं, तिथे कुठला दुधी नि कुठले मूग. आईने तूप घातलेली पेज आणली, अळिवाची खीर आणली, डिंकाचा लाडू आणला. जयवंतच्या डोळ्यांसमोर गोदामाचा काटा आला. तरी त्याने तोंड उघडलं. पहिला घास त्याने गिळला तशी मालनमावशीने पदराने डोळे पुसले आणि भलतंच काहीतरी बोलली, भांड्याला कल्हई लावायला हवी म्हणून. अडीच वर्षं आपण या बाईला उपाशी ठेवलं असं त्याला त्या क्षणी वाटलं. तो दुसरा लाडूही नको म्हणू शकला नाही.

दुपारी कुंडलिकची बायको शकु येऊन बसे. तिला आठवा संपत आला होता. ती परभणीकडची, आई लहानपणीच गेलेली, सासू गावाकडे अंथरुणाला खिळलेली. तिला ना माहेर ना सासर. "तुझा बाळंतपण माझ्याकडे लागला," असं मालनमावशीने तिला चौथ्या महिन्यातच सांगून टाकलं होतं आणि त्या एका वाक्यावर शकु निर्धास्त होती.

"भाऊ, आधी तुमचं होऊन जाऊ द्या," ती जयवंतला म्हणायची. "मग माझा नंबर. मी सगळं बघून घेते बघा, कसं कसं करायचं ते."

"बघून घे," जयवंत म्हणायचा. "पण एवढे लाडू खाऊ नको. माझ्यासारखी वाट लागेल."

तिसऱ्या दिवशी शेगडी पेटली. आईने पट्टा सोडला, खोबरेल कोमट केलं आणि तव्यावर कापडाची घडी तापत ठेवली.

"आये, पोट नको. पाठ शेक ना, पाठ धरलीय."

"पाठ कित्या? पाठ कापली तुझी?" असं म्हणून तिने बेंबीखाली घडी ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली. "लागता काय रे?"

"नाही."

हे अगदी खरं होतं. बरगड्यांच्या खाली त्याला काही कळतच नव्हतं. आईचा हात वरून फिरत यायचा आणि एका जागी नाहीसा व्हायचा. खालचं पोट दुसऱ्याच कुणाचं तरी त्याच्या अंगावर आणून ठेवल्यासारखं पडून होतं.

"अजून तापवतंय," ती म्हणाली. भुवई हलत नव्हती. तिने घडी पुन्हा तव्यावर दाबली, पुन्हा ठेवली. त्याचा चेहरा स्वस्थ. तिला केवढा आनंद झाला! "बघ गो शकु, माझो झील कसो सोसता. बायांका आठव्या दिसाक इतको शेक सोसणा नाय."

कार्ड उशीखालीच होतं. आता सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण सांगायचं काय? की तू हे करायचंच नव्हतंस, आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं? तिचे हात पुन्हा एकदा, तेही शकुदेखत, चूक ठरवायचे? एका दिवसाने काय होतंय, असं त्याने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तसंच ठरवलं.

शनिवारी सकाळी आई नळावर गेली असताना त्याने पट्ट्याची कड उचलून पाहिलं. वाकलेल्या माणसाला स्वतःचं पोट दिसतं, तेवढा एक फायदा. बेंबीच्या खाली तळहाताएवढी जागा लालभडक होती आणि टाक्यांच्या रेषेपाशी टरारून फोड आला होता. त्याने बोट लावलं. फोड बोटाला लागला, पण पोटाला काही कळलं नाही.

बाहेरून आईचा आवाज येत होता. हंडा भरता भरता ती गुणगुणत होती. पोरांना पायांवर घेतल्यावर ती जे गुणगुणायची तेच. वडील गेल्यापासून त्याने ते घरात ऐकलं नव्हतं. दुसऱ्यांच्या दारातून कानावर आलं असेल तेवढंच. त्याने पट्टा सारखा केला. सोमवारी जायचंच आहे, तेव्हा डॉक्टर बघतील, आपण हळूच विचारू, आईला कळायचं कारण नाही. असा सगळा हिशोब त्याने पडल्या पडल्या केला.

संध्याकाळी तवा तापला तेव्हा मात्र तो म्हणाला, "आये, आज नको. थकलोय."

"आजच होयो. पाचवो दिस. आज सोडलो तर केला-सवरला सगळा फुकट."

तिने पट्टा सोडला, सरावलेल्या नजरेने घाव चुकवून घडी बरोबर त्याच जागी ठेवली. संध्याकाळच्या उजेडात तिला लाली दिसली नाही, आणि ती बघत होती त्याच्या तोंडाकडेच. त्याला तिचा हात धरून बाजूला करता आला असता. हात तर शाबूत होते. पण तो पडून राहिला, एखाद्या तान्ह्या पोरासारखा, आणि आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "नाही लागत."

सोमवारी ड्रेसिंगच्या खोलीत पट्टा सोडला आणि वास आला. लाल होतं ते काळं पडलं होतं, वाळल्या चामड्यासारखं, आणि कडेचे टाके उसवून आतलं पिवळं दिसत होतं. ड्रेसरने डॉक्टरांना बोलावलं. ते रात्रपाळी करून उभेच होते.

"शेक कोणी दिला?"

"मी घेतला," जयवंत घाईघाईने म्हणाला. "गरम पाण्याची पिशवी. दुखत होतं म्हणून मीच..."

"दुखत होतं? तिथे तुला काही कळतच नाही, दुखेल कुठून?"

दाराशी उभी असलेली मालनमावशी पुढे आली. "मी दिलंय शेक. ह्यो खोटा बोलता. चार दिस मी दिलंय."

डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी थकल्या आवाजात नुसतं विचारलं, "मावशी, त्याला नाही कळलं, पण तुमच्या हाताला तरी कळायला नको का?"

मालनमावशीने आपले तळवे पाहिले आणि पदराखाली घेतले.

काळी पडलेली कातडी कापून काढावी लागली. आणखी सतरा दिवस वॉर्डात. जखम उघडीच ठेवली होती. आतून भरत येईल, नाहीच आली तर मांडीची कातडी काढून लावू, असं सांगितलं. जयवंत घरी आला तो पहिल्यापेक्षा जास्त वाकलेला. या वेळी कठड्यांवरून कुणी काही विचारलं नाही.

घर मात्र बदललं होतं. शेगडी गॅलरीत पालथी घातलेली. पाट, तेलाची वाटी, कापडाच्या घड्या काहीच दिसत नव्हतं. खिडकी सताड उघडी. आई स्वयंपाक करी, ताट वाढून कॉटच्या कडेला ठेवी आणि मागे सरून बसे. त्याला हात लावत नसे. ड्रेसिंगसाठी रोज सकाळी कुंडलिक त्याला दवाखान्यात नेई, संडासापर्यंतही कुंडलिकच. एकदा उशी घसरली आणि त्याने हाक मारली तर ती उठली, दोन पावलं आली आणि कुंडलिकला बोलवायला निघून गेली. ज्या दोन घरी न्हाऊ घालायला जायची तिथेही तिने नाही म्हणून सांगितलं होतं.

त्याने तिला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "जेव आधी."

आणि एका सकाळी दहाच्या सुमाराला कुंडलिक दारात येऊन उभा राहिला. तो नुसता हसत होता. शकुला तीन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती आणि आत्ताच तो दोघींना प्रसूतिगृहातून घेऊन आला होता.

"मावशी, पाणी तापवून ठेवलंय. पाट पण आणलाय. चला."

"दुसरी कोण बघ, कुंडलिका."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. "दुसरी कोण? शकु तुमच्या नावानं बसलीय तिथं. सारखी म्हणते, मावशीला बोलवा."

"माझ्या हातांका आता कळणा नाय. तान्ह्या पोराक असले हात लावूचे नसतत."

"मावशी, तिला कोण हाये सांगा ना तुम्ही." त्याचं हसू गेलं होतं.

भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं. बारीक, थांबून थांबून. मालनमावशीची मान तिकडे वळली, पण ती जागची हलली नाही.

जयवंतने उशीखाली हात घातला. कार्ड दमट होऊन कडांना फाटलं होतं. "आये, इकडे ये. कुंडलिक, तू पण ऐक." त्याला उठून बसायचं होतं, पण जखम अशी ओढली की तो कोपरावरच थांबला. तसाच वाकडा होऊन त्याने वाचलं, "तेल चोळू नये. कसलाही शेक देऊ नये. पोटाच्या कातडीला काही महिने संवेदना नसेल. हे पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. मी वाचलं होतं, आये. तुला सांगताना ही ओळ मी गाळली. शनिवारी फोड आलेलाही बघितला होता. तुझ्या हातांचं काही चुकलं नाही. मीच लपवलं."

कुंडलिक पुढे झाला. त्याने कार्ड घेऊन उलटसुलट केलं. "भाऊ, हे इंग्रजी हाय. मला नाही येत," तो ओशाळून म्हणाला आणि परत दिलं.

मालनमावशी उठली. किती दिवसांनी ती कॉटजवळ थांबली. खाली वाकली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली, शेक देताना बघायची तसंच, थेट भुवयांकडे. दिसू दे हिला, तो मनात म्हणत होता, एवढं तरी दिसू दे.

"तिकडे दाक्तराक पिशयेचा सांगितलंस," ती हळू आवाजात म्हणाली. "आता माका कागदाचा सांगतस. आवशीसाठी किती खोटा बोलतलंस रे?"

"आये, ते खोटं होतं. हे खरं आहे. देवाशपथ."

"जल्मात तू माका कागद खोटो वाचून दाखवलंस नाय. ता आज कित्या करशीत?" तिने त्याच्या कपाळाजवळ हात नेला आणि न टेकवताच मागे घेतला. "आणि तुझ्या तोंडार माका काय दिसणा नाय आता. तेव्हाय दिसला नाय."

तिने कार्ड त्याच्या बोटांतून सोडवलं, होत्या त्याच घड्यांवर दुमडलं आणि उशीखाली सरकवलं. कुंडलिक थोडा वेळ दारात घुटमळला आणि गेला. समोरच्या खिळ्यावर निळी पँट वाऱ्याने हलत होती.

पलीकडे बाळाचं रडणं वाढलं. शकुचा आवाज येत होता, काय करू, काय करू असं ती कुंडलिकला विचारत होती. मालनमावशी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. कान देऊन ऐकत राहिली.

"पोटात वारो धरलो हा," ती पुटपुटली. "उपडा घेवन पाठीर थापटूक होया. उबदार हात फिरवूक होयो."

"मग जा ना, आये," जयवंत म्हणाला. "मी पाया पडतो तुझ्या. जा."

तो पुन्हा उठायला गेला आणि पुन्हा कोपरावरच अडकला. बाळ रडत होतं. आई भिंतीला टेकून तशीच उभी होती आणि तिचे दोन्ही हात पदराखाली होते.